शेठ कुठल्या बाजूला बसला होता

१

दौलत मेला तो परांचीवरून पडला म्हणून नव्हे. परांचीवरून पडलेली किती माणसं डॉक्टर कौमुदी पेठे यांनी सौदी अरेबियातल्या तबूकच्या त्या इस्पितळात जोडून परत कामावर पाठवली होती, याला गणती नव्हती. तेलाचा पैसा पाण्यासारखा वाहत होता, वाळवंटात जिकडंतिकडं इमारती उठत होत्या आणि त्या बांधणारी माणसं खाली पडत होती. सुट्टीच्या दिवशीही कामावर चढवलेल्या दौलतची प्लीहा फाटली होती, एवढंच. कौमुदीबाईंनी पोट उघडलं, रक्त कुठून येतंय ते शोधलं, चिमटा लावला. आता फक्त रक्त चढवायचं होतं, आणि रक्त लॅबमधल्या फ्रिजमध्ये होतं.

लॅबचा टेक्निशियन नसरुद्दीन रिकाम्या हातांनी परत आला. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"मॅडम, फ्रिज बंद है. सब बोतलें गरम हो गईं."

कामगारांच्या कॅम्पवर निरोप गेला. रक्त द्यायला माणसं धावत आली. पहिला आडवा झाला तो इस्पितळाचा इलेक्ट्रिशियन बाळाराम तांडेल, देवगडकडचा, दौलतच्या शेजारच्या वाडीतला. त्याच्या रक्तानं बाटली भरत आली तेव्हा दौलत संपलेला होता.

कौमुदीबाई हातमोजेसुद्धा न काढता लॅबमध्ये गेल्या. सुट्टीचा शुक्रवार म्हणून एसी बंद होता. खोली भट्टीसारखी तापली होती आणि हवेत आंबूस, गोडसर वास कोंदला होता. नासलेल्या रक्ताचा असेल, असं त्यांना वाटलं. फ्रिजचा प्लग जमिनीवर होता. ओढ बसून निसटलेला नव्हे, वायर गुंडाळून नीट बाजूला ठेवलेला. कुणीतरी तो हातानं काढला होता आणि पुन्हा लावायला विसरला होता.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अपघात त्या समजू शकत होत्या. हा अपघात नव्हता.

दुपारी त्यांना दुसरी बातमी कळली. ज्याचं रक्त अजून बाटलीत तसंच पडून होतं, त्या बाळारामाचा इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, जप्त झाला होता आणि त्याला पहारेकऱ्याच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. शनिवारी दुपारच्या नमाजानंतर पोलीस त्याला घेऊन जाणार होते.

२

बाळाराम का, हे कळायला गुरुवारची संध्याकाळ कळायला हवी.

दर गुरुवारी इस्पितळाच्या मेसमध्ये सिनेमा असे. एक अमेरिकन इंजिनियर मायदेशी परतताना प्रोजेक्टर आणि रिळांचे डबे इस्पितळाचे कार्यालयप्रमुख भाऊसाहेब यांना देऊन गेला होता. पन्नास वर्षांपूर्वीचे, अमेरिकेतले, सगळे मुके सिनेमे. केस कापलेली डोळे मोठ्ठे करणारी पोरगी, गवती हॅट घातलेला लाजरा पोरगा, मध्ये कडमडणारा श्रीमंत शेठ, आणि शेवटी लग्न. भाऊसाहेबांनीच वरून परवानगी काढली होती. मुका सिनेमा असल्यावर आवाज कुंपणाबाहेर जात नाही, कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

इस्पितळाच्या चार चादरी एकत्र शिवून मेसच्या मधोमध पडदा टांगत. प्रोजेक्टरच्या बाजूला पुरुष, त्यात कॅम्पवरचे कामगारसुद्धा, आणि चादरीपलीकडे बायका. चादर पातळ, चित्र दोन्हीकडं दिसे. बायकांच्या बाजूनं अक्षरं उलटी येत, म्हणून त्या वाचायच्या फंदात कधी पडत नसत. तशी गरजही नव्हती. मेसचा आचारी गुणाजी गावाकडं दशावतारात राणीचं सोंग घेणारा. तो चादरीच्या कडेला उभा राहून पोरगीचं, पोरग्याचं आणि शेठचंही मनाला येईल ते बोलायचा. न्यूयॉर्कची पोरगी त्याच्या तोंडी मालवणीत शिव्या देई. हैद्राबादी नर्सा त्यातलं एक अक्षर न समजता लोळत. आणि चुंबनाची वेळ आली की प्रोजेक्टरवर बसलेला बाळाराम तळवा भिंगापुढं धरी. पडद्यावर पाच बोटांचं काळं झाड उगवायचं आणि दोन्हीकडून हुर्यो व्हायची.

कौमुदीबाईंच्या शेजारी नेहमी भाऊसाहेबांच्या पत्नी सुधावहिनी बसत. येताना सगळ्याजणींना द्राक्षाचा रस घेऊन येत. त्यांच्या व्हरांड्यात रसाच्या पेट्यांची चळतच असे. कितीही वाटला तरी संपत नसे.

त्या गुरुवारचा सिनेमा एका पोस्टमनचा होता. सुरुवातीला भाऊसाहेबांनी नेहमीसारखं छोटं भाषण केलं आणि दिवे गेले. मध्येच प्रोजेक्टरचा बल्ब उडाला. बाळाराम नवा बल्ब आणायला आपल्या स्टोअरकडं गेला. स्टोअर लॅबला लागून होतं. तो परत आला, सिनेमा सुरू झाला, आणि मग जेवणाच्या टेबलाचा प्रसंग आला. पोरगी मध्ये, एका बाजूला, मोठ्या जिन्यापुढं, शेठ, दुसऱ्या बाजूला पोस्टमन. दोघंही टेबलाखालून तिचा हात शोधताहेत. ती हळूच उठून निघून जाते, आणि हे दोघे एकमेकांचा हात प्रेमानं कुरवाळत बसतात. त्या जागी गुणाजीलाच हसू आवरेना. त्याच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. पलीकडून एक हसणं सगळ्यांच्या वर चढलं होतं, दम लागल्यासारखं. ते दौलतचं, हे बाईंना दुसऱ्या दिवशी त्याच्या सोबत्यांकडून कळलं.

आता भाऊसाहेबांनी लिहून दिलेलं असं : सिनेमा चालू असताना उठून बाहेर गेला तो एकटा बाळाराम. त्याच्याजवळ सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या. नवा बल्ब लागतोय का ते बघायला त्यानं लॅबमधला फ्रिजचा प्लग काढला आणि विसरला.

वाचताना पटण्यासारखं होतं. म्हणूनच बाईंना जास्त चीड आली.

३

"डाक्टरनीबाय, बल्ब बघूक माका लॅबात कित्याक जावचा लागात?" बाळाराम पहारेकऱ्याच्या बाकड्यावर बसला होता. कोपरावर रक्त काढल्याचा कापूस अजून तसाच चिकटलेला. "माझ्या स्टोअरात चार सॉकेटां असत. थयच लावून बघलंय."

"हे भाऊसाहेबांना सांगितलंस?"

"सांगितलंय. ते म्हणाले, आता खलास, वर लिहून गेला."

"तिकडं गेलास तेव्हा काय दिसलं तुला? काहीही. क्षुल्लक असलं तरी."

बाळारामानं डोकं खाजवलं. "लॅबच्या दाराखालसून उजेड दिसलो. माका वाटला नसरूभाय काम करता. मी हाक मारलंय, 'नसरूभाय, चाय पिऊक येतंस काय?' तर उजेड एकदम गेलो. माका वाटला, येता. पण कोण इलो नाय. माका घाई होती, लोक थय शिट्टे मारी होते."

"मग हे आधी का नाही बोललास?"

"बोललंय, बाय. आयकता कोण?"

बाई ताडकन उठल्या. लॅबमध्ये कुणीतरी होतं. हाक ऐकून त्यानं दिवा मालवला होता, आणि त्या घाईत प्लग तसाच राहिला होता. लॅबच्या किल्ल्या बाळाराम सोडून तिघांकडं : लॅबप्रमुख डॉक्टर गोपीनाथ, नसरुद्दीन आणि कार्यालयात भाऊसाहेब. तिघंही आपण सिनेमात होतो म्हणत होते. अंधारात कोण कुणाच्या शेजारी होतं, हे छातीठोकपणे सांगणारं कुणी नव्हतं.

तिघांतला एक खोटं बोलत होता. जो लॅबमध्ये होता, त्यानं टेबलाचा प्रसंग पाहिलेला असणार नाही. गुणाजी त्या जागी गप्प होता, त्यामुळं कानावरूनही तो कुणाला मिळणार नव्हता. बाईंना वाटलं, चोर आता हातात आलाच.

४

डॉक्टर गोपीनाथ शांत, टापटिपीचे, कधी आवाज न चढवणारे. त्या दिवशी त्यांची शांतताच बाईंना खुपत होती.

"तुमच्या खात्यातला फ्रिज, गोपीनाथराव, आणि तुम्ही चहा पिताय!"

"चहा न पिऊन तो माणूस परत येणार असता तर नसता प्यायलो," गोपीनाथ म्हणाले. "बोला, काय विचारायचंय?"

"टेबलाचा प्रसंग सांगा. पडद्यावर तुम्हाला जसा दिसला तसा."

गोपीनाथांनी भुवई उंचावली, पण समोरच्या ट्रेमधला साखरेचा डबा उचलला. "हा शेठ." तो त्यांनी आपल्या डाव्या हाताला ठेवला. कप मध्ये ठेवला, ती पोरगी. चमचा उजवीकडं, तो पोस्टमन. मग कप अलगद काढून घेतला आणि डबा नि चमचा एकमेकांकडं सरकवले. त्यांच्या ओठांवर किंचित हसू आलं आणि लगेच मावळलं. "दौलत माझ्या मागंच बसला होता," ते म्हणाले.

बाई त्यांच्या खुर्चीमागं उभ्या होत्या. ट्रेकडं बघता बघता त्यांचे डोळे बारीक झाले. शेठ डावीकडं? शेठ उजवीकडं होता! त्याच्या मागं तो मोठा जिना होता, तोही उजवीकडं. हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. या माणसानं हा प्रसंग कुणाच्या तरी तोंडून ऐकला होता, आणि बाजू चुकला होता.

त्या तडक नसरुद्दीनकडं गेल्या. तो लॅबच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं.

"सेठ इधर," त्यानं डावा हात पुढं केला, "पोस्टमन उधर. मॅडम, आप मेरे कू पुलीस में देना चाहते तो दे दो. लेकिन मैं फ्रिज कू हात नहीं लगाया. उस दरवाजे के पास भी नहीं गया."

पुन्हा शेठ डावीकडं. दोघांची एकच चूक. लॅबप्रमुख आणि टेक्निशियन. बाईंच्या डोक्यात सगळं चटदिशी जुळलं : दोघं मिळून लॅबमध्ये काहीतरी करत होते, आणि दोघांनी मिळून एकच गोष्ट पाठ केली होती.

५

तिसरा जबाब घ्यायची खरं तर आता गरज नव्हती. तरी न्यायाला धरून म्हणून त्या भाऊसाहेबांकडं गेल्या.

भाऊसाहेब सुट्टी असूनही कार्यालयात होते. मृतदेह गावी पाठवायचे कागद तयार करत होते. अशा वेळी भाऊसाहेबच धावून येतात, असं सगळं इस्पितळ म्हणे.

"बसा, बाई. मला झोप लागणार नाही आज," ते म्हणाले. "आणि वाईट त्या बाळारामाचं वाटतं. पोरगा गुणी आहे हो. पण हलगर्जी! माझा नाइलाज झाला."

"तुम्ही कुठं बसला होतात?"

"पहिल्या रांगेत, दाराशी. नेहमीची जागा."

बाईंनी टेबलाचा प्रसंग विचारला. भाऊसाहेबांनी जराही अडखळल्याशिवाय पेपरवेट उचलून आपल्या उजव्या हाताला ठेवला, "हा शेठ, मागं जिना." शाईची दौत मध्ये, टाचण्यांची डबी डावीकडं. "आणि हा आपला पोस्टमन. पोरगी उठून गेली तेव्हा शेठनं मिशीला पीळ दिला बघा, डाव्या हातानं. उजवा टेबलाखाली गुंतलेला ना!"

अगदी तसंच. मिशीच्या पिळासकट, बाईंना आठवत होतं अगदी तसंच. त्यांना हायसं वाटलं. इतक्या खोटारड्यांत एक तरी माणूस खरं बोलत होता.

त्या गोपीनाथांच्या दारात पुन्हा जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा आवाज सगळ्या क्वार्टर्सना ऐकू जात होता.

"लाज नाही वाटत? तुम्ही दोघांनी माणूस मारला आणि एका गरिबाला बळीचा बकरा करताय! निदान खोटं तरी नीट पाठ करायचंत. शेठ उजवीकडं होता, गोपीनाथराव. उजवीकडं!"

गोपीनाथांचा चेहरा पडला. पण त्यांनी दार लावून घेतलं नाही.

"मी जे पाहिलं ते सांगितलं," ते म्हणाले. "तुम्ही उद्या मुदीरांपुढं काय सांगायचं ते सांगा. फक्त एकदा विचार करून सांगा."

विचार! बाईंचा विचार झाला होता. मुदीर म्हणजे इस्पितळाचे संचालक. सकाळी त्यांच्यापुढं दोन नावं ठेवायची, एवढंच उरलं होतं.

६

शनिवारी सकाळी कॅज्युअल्टीत वाळवंटातल्या भटक्या टोळीतला एक म्हातारा बदू आला. खोकला, ताप. नर्स मैमुनानं छातीचा एक्सरे आणून दिव्याच्या काचेवर लावला. कौमुदीबाईंनी नजर टाकली आणि भडकल्या. कालपासून त्या भडकायला कारणच शोधत होत्या.

"मैमुना! दिल दाहिनी तरफ है क्या इनका? उलटी लगाई है फिल्म!"

मैमुनानं जीभ चावली, फिल्म काढली, पालटली, पुन्हा लावली. हृदय आपल्या जागी आलं. म्हातारा तोच, फुप्फुसं तीच, डाग तेच. फक्त उजवं डावीकडं गेलं आणि डावं उजवीकडं.

बाई हातातला स्टेथोस्कोप तसाच धरून उभ्या राहिल्या.

"मॅडम? अब ठीक है ना?"

"मैमुना," त्या सावकाश म्हणाल्या, "गुरुवार को सिनेमा में तू मेरे पीछे बैठी थी. पर्दे पर लिखाई कैसी दिखती थी?"

"उल्टी, मॅडम. हमेशा उल्टीच दिखती. अपन पीछे जो बैठते."

अपन पीछे जो बैठते. एवढी साधी गोष्ट! तीन वर्षं दर गुरुवारी चादरीच्या मागं बसून बसून मागची बाजू हीच पुढची, असं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. शेठ डावीकडंच होता. जिनाही डावीकडं. गोपीनाथ खरं बोलत होते, नसरुद्दीन खरं बोलत होता. उलटं पाहिलं होतं ते त्यांनी स्वतः.

त्यांनी, आणि आणखी एका माणसानं.

संतापाचं तोंड फिरलं. काल त्या माणसाच्या समोर बसून आपल्याला हायसं वाटलं होतं! खिडकीबाहेर सावल्या आखडत चालल्या होत्या. दुपारच्या नमाजाला फार वेळ नव्हता.

७

मुदीर वयस्कर, मितभाषी. इंग्रजी तोलून मापून बोलत. कौमुदीबाईंची मागणी ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "डॉक्टर, माणूस मेलाय आणि तुम्हाला सिनेमा बघायचाय?"

"एकच प्रसंग, साहेब. मग तुम्ही म्हणाल ते."

मेसमध्ये चादर टांगली. बाळारामाला पहारेकऱ्यानं दंडाला धरून आणलं. गोपीनाथ, नसरुद्दीन, गुणाजी आणि भाऊसाहेब चादरीच्या पुढच्या बाजूला उभे राहिले. बाई गोपीनाथांजवळ जाऊन फक्त "माझं चुकलं," म्हणाल्या आणि पुढं झाल्या.

"भाऊसाहेब, काल मला सांगितलंत ते मुदीरसाहेबांना सांगा. शेठ कुठं बसला होता?"

"उजवीकडं," भाऊसाहेब म्हणाले. "पण बाई, हा काय पोरखेळ—"

"नक्की?"

"मी पहिल्या रांगेत होतो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. शेठ उजवीकडं, मागं जिना."

"बाळाराम, लाव."

प्रोजेक्टर घरघरला. मेस उजळली. केस कापलेली ती पोरगी डोळे मोठ्ठे करून टेबलाशी येऊन बसली. तिच्या एका बाजूला पोस्टमन होता. दुसऱ्या बाजूला, जिन्याच्या पुढं, मिशीला पीळ देत शेठ.

डावीकडं.

कुणी हसलं नाही. पडद्यावर ते दोघं मूर्खासारखे एकमेकांचा हात कुरवाळत राहिले.

"आता इकडून बघा, साहेब," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मुदीरांना चादरीमागं नेलं. तिथून शेठ उजवीकडं होता. जिना उजवीकडं. मिशीवरचा हात डावा. भाऊसाहेबांनी सांगितलं होतं तंतोतंत तसंच. बाळारामानं प्रोजेक्टर थांबवला.

"हा सिनेमा असा दिसतो तो फक्त इथून," बाई म्हणाल्या. आवाज चढवायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण तो चढलाच. "आणि इथं फक्त बायका होत्या. मी होते, मैमुना होती, सगळ्या नर्सा होत्या. भाऊसाहेब, दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर तुम्ही गुरुवारी आम्हा बायकांत येऊन बसला होतात. तसं असेल तर आत्ता सांगा, मुदीरसाहेब ऐकताहेत. नाहीतर तुम्ही मेसमध्ये नव्हतातच, आणि हा प्रसंग इथं बसलेल्या कुणीतरी तुम्हाला नंतर सांगितला."

भाऊसाहेबांची पाचावर धारण बसली. एकदा त्यांनी मुदीरांकडं पाहिलं, एकदा चादरीकडं.

"मी... मध्ये थोडा वेळ बाहेर गेलो होतो. गरम होत होतं. घरी गेलो."

"घरी नाही. लॅबमध्ये. तिथं दार उघडल्या उघडल्या आंबूस, गोड वास आला मला. मी वेडी, मला वाटलं रक्ताचा. तो आंबवलेल्या द्राक्षांचा होता. पाणी उकळून वाफ धरायचं यंत्र लॅबमध्ये आहे, त्याला जोराची वीज लागते, आणि तसं सॉकेट तिथं एकच : फ्रिजचं. दर गुरुवारी सगळं इस्पितळ इथं अंधारात बसलेलं. तुम्हीच बसवलेलं! म्हणून सिनेमे, आणि तुम्ही इथंच आहात असं सगळ्यांना वाटावं म्हणून ती भाषणं. बाळारामानं हाक मारली, तुमची गाळण उडाली, बाटल्या उचलून पळालात. आणि प्लग राहिला."

दारूचा शब्द कुणी उच्चारला नाही. मुदीरांना तो कळला होता. त्यांनी पहारेकऱ्याला अरबीत दोन वाक्यं सांगितली. तो भाऊसाहेबांच्या क्वार्टरकडं गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात तेलाच्या दोन बाटल्या होत्या. मुदीरांनी एकीचं बूच काढून वास घेतला आणि लगेच परत लावलं.

"प्लग लावायचा होता हो," भाऊसाहेब पुटपुटले. "सकाळी लवकर जाऊन लावणारच होतो. डोळा लागला."

गुणाजीच्या तोंडून एक अशी शिवी निघाली जी न्यूयॉर्कच्या पोरगीनंही कधी दिली नव्हती.  बाळाराम प्रोजेक्टरशेजारी मटकन खाली बसला आणि रडू लागला. कुणासाठी रडत होता हे विचारायची गरज नव्हती.

मुदीरांनी खिशातून त्याचा इकामा काढला आणि स्वतः वाकून त्याच्या हातात दिला. बाहेर नमाजाची बांग सुरू झाली होती.

८

बाळाराम सुटला. दौलतचं काय? त्याची पेटी किती महिन्यांनी गावी पोचायची आणि पोचल्यावर त्याच्या आईला कोण काय सांगायचं? कौमुदीबाई धुमसतच भाऊसाहेबांच्या क्वार्टरकडं निघाल्या. सुधावहिनींना विचारायचंच होतं : तुम्ही नवऱ्याला खोटं शिकवलंत? शेजारी बसून आम्हाला रस पाजत होतात तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?

दार उघडंच होतं. व्हरांड्यातल्या पेट्या पहारेकऱ्यांनी उचकटून टाकल्या होत्या. सुधावहिनी आत पलंगावर साड्यांचा ढीग घेऊन बसल्या होत्या. त्यांना पहिल्या विमानानं परत जायचं होतं.

"या, कौमुदीताई," त्या म्हणाल्या. "बोला. तुमचा अधिकार आहे."

बाई आत आल्या. "तुम्हीच सांगितलात ना त्यांना सिनेमा?"

"हो."

"कधी?"

"शुक्रवारी सकाळी. तुम्ही लोक तिकडं त्या मुलाच्या धावपळीत होतात. मला तोवर काही कळलं नव्हतं. हे घरी आले, हात धरून मला शेजारी बसवलं, म्हणाले, कालचा सिनेमा सांग, सगळा, नीट." त्यांनी एक साडी उचलली आणि नुसतीच मांडीवर ठेवली. "लग्नाला एकोणीस वर्षं झाली. मी काही सांगायला लागले की हे पेपर उघडतात. आणि त्या दिवशी प्रश्न विचारत होते, ताई. शेठ कुठं बसला? मिशी कुठल्या हातानं? मी टेबलावर मीठ, लोणचं मांडून मांडून दाखवत होते. मला वाटलं..."

त्यांना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. बाईंना ते कळलं, आणि त्यांना इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. भाऊसाहेबांना आणखी एक गुन्हा लावायला हवा होता, पण त्याचं कलम कुठल्याच देशात नव्हतं.

"शेवट सांगायचा राहून गेला," सुधावहिनी म्हणाल्या. "बाळारामानं हात आडवा धरला होता ना, म्हणून पुढचं मी मनानंच रचलं होतं. चांगलं जमलं होतं. पण टेबलाचं संपलं तसे हे उठले. म्हणाले, पुरे."

कौमुदीबाई साड्या बाजूला सारून पलंगावर त्यांच्या शेजारी बसल्या.

"मला सांगा," त्या म्हणाल्या. "शेवट मला सांगा."

सुधावहिनींनी सुरुवात करायला तोंड उघडलं.

"आता नाही हो आठवत," त्या म्हणाल्या आणि मांडीवरच्या साडीची घडी घालू लागल्या.